पोटभाडेकरू

भित्र्या, लाचार, कुणीही तुडवावे आणि याने निमूट तुडवून घ्यावे अशा माणसाला मराठीत गांडूळ म्हणतात. निवडणुकीच्या सभेत म्हणतात, व्यायामशाळेच्या उद्घाटनाला म्हणतात, आणि आमच्या शाळेतले कवायतीचे मास्तर तर दर शनिवारी सकाळी साडेसात वाजता म्हणत असत. या शिवीचा मला जाहीर निषेध करायचा आहे. गांडुळाला पाठीचा कणा नसतो हे मान्य. पण ज्यांना असतो ते त्याचे नेमके काय करतात? आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला एकदा या. एकाहून एक मजबूत कणे, काही तर पट्टा लावलेले, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने टेकलेले असतात, आणि सचिवांनी "कुणाचा विरोध?" असे विचारले की सगळे कणे एकाच वेळी मोबाइलवर वाकतात. गांडूळ निदान स्वतःच्या अंगाने वाट काढत पुढे सरकते. त्याला कुणाचा पाठिंबा लागत नाही, आणि ते कुणाच्या सूचनेला अनुमोदनही देत नाही.

हा पक्ष मी हौसेने घेतलेला नाही, माझ्यावर तशी वेळ आली आहे. गेली तीन वर्षे आमच्या स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत काही शे गांडुळे राहतात. या काळात त्यांनी जिन्यात चपला काढून ठेवल्या नाहीत, रात्री बाराला मिक्सर लावला नाही, की पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या जागेवर गाडी लावली नाही. इतके सज्जन रहिवासी आमच्या इमारतीत दुसरे नाहीत. तरीही गेल्या महिन्यात मला समितीचे पत्र आले : "आपण आपल्या सदनिकेत समितीची लेखी परवानगी न घेता गांडुळे ठेवली असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सात दिवसांच्या आत ती हलवावीत, अन्यथा..." अन्यथाच्या पुढे तीन टिंबे होती. ती टिंबे मी घरात सगळ्यांना दाखवली.

कोणत्या नियमाखाली हलवायची, हे मात्र समितीला ठरवता येईना. पाळीव प्राण्यांचा नियम लावावा तर गांडूळ भुंकत नाही, लिफ्टमध्ये बसत नाही, आणि त्याला साखळी कुठे अडकवायची हाही प्रश्नच. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी तोड काढली. पोटभाडेकरूचा नियम लावा, म्हणाले. आमच्या घरात राहतात, आमच्या परवानगीने राहतात आणि खताच्या रूपाने मोबदला देतात, म्हणजे पोटभाडेकरूच की! कायद्याचे मला कळत नाही, पण शब्द असा चपखल बसलेला मी क्वचितच पाहिला आहे. ज्याचे अख्खे शरीर म्हणजे एक लांबलचक आतडे, त्याला दुसरे काय म्हणायचे?

आता हे बिऱ्हाड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण विरोध करणाऱ्या चौदा सभासदांपैकी एकानेही ते डोळ्यांनी पाहिलेले नाही. भाजीवाल्याकडे टोमॅटो येतात तसला प्लॅस्टिकचा एक क्रेट. त्याला आतून गोणपाटाचे अस्तर. तळाला नारळाच्या शेंड्या दोन बोटे, म्हणजे जास्तीचे पाणी निथळते आणि खालून हवा लागते. त्यावर वाळका पाला, आणि पाण्यात बुडवून पिळलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या. काळी-पांढरी पाने चालतात, गुळगुळीत रंगीत पुरवणी घालू नये. अग्रलेख आणि राशिभविष्य यांत गांडुळे भेद करत नाहीत, दोन्हींचे सारखेच खत होते. मग मूठ-दोन मुठी जुने, अर्धवट कुजलेले शेण. ताजे शेण नको, ते कुजताना तापते आणि आतले रहिवासी भाजून निघतात. वर ओल्या गोणपाटाचे पांघरूण, कारण त्यांना उजेड सोसत नाही. ओलावा किती हवा, तर धुतलेले फडके घट्ट पिळल्यावर उरतो तितका. मूठ आवळली की एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. झाले. याला यंत्र नाही, वीज नाही, हप्ते नाहीत. मुंग्या लागू नयेत म्हणून क्रेट स्टुलावर ठेवून स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले आहेत. आमच्या आजीचे दुधदुभत्याचे जाळीचे कपाट असेच उभे असायचे. आमच्या घरातले हे एवढेच तंत्रज्ञान तीन पिढ्या टिकले आहे.

गांडुळे आणायची ती विरजणासारखी. म्हणजे ज्याच्याकडे आधीपासून आहेत त्याच्याकडून वाटीभर, त्यांच्या अंगाखालच्या ओल्या मातीसकट. विकतही मिळतात, पण विरजण विकत आणणाऱ्या घरात जसे काहीतरी चुकल्यासारखे वाटते तसे इथेही वाटते. पावसाळ्यात अंगणात दिसतात ती मात्र चालत नाहीत. ती माती खात खोल जाणारी जात, दानवे, वाळे, काडू, शिदोड अशा गावोगावच्या नावांनी शेतकरी ज्याला ओळखतो ती. क्रेटमध्ये लागते ती वरच्या थरातल्या पाल्यापाचोळ्यात राहणारी. तिच्यातली युड्रिलस युजेनी आपल्याकडचा उन्हाळा बऱ्यापैकी सोसते. दुसरी प्रसिद्ध जात म्हणजे आयसेनिया फेटिडा. यातल्या फेटिडाचा अर्थ 'दुर्गंधी' असा आहे. डिवचले तर ती घाणेरड्या वासाचा द्रव सोडते म्हणून हे नाव पडले. कृपा करून हे आमच्या सचिवांना सांगू नका. डिवचल्यावर काय सोडायचे, याबाबत त्यांचा स्वतःचा लौकिकही काही बरा नाही.

जेवणाचे सांगतो. पहिल्या आठवड्यात अगदी थोडे, नव्या सुनेला वाढावे तसे. भाज्यांची देठे, दुधीची-दोडक्याची साले (दोडक्याच्या सालांची चटणी करत नसाल तर), केळ्याची साल, कलिंगडाची पाठ, पाण्याने धुतलेला चहाचा चोथा. सगळे बारीक चिरून एका कोपऱ्यात पुरायचे, वर पाला ओढायचा, पुढच्या वेळी दुसरा कोपरा. उघडे टाकले की चिलटे येतात. आणि गांडूळ साल कुरतडत नाही, कारण त्याला दात नाहीत. साल मऊ पडून कुजू लागली की तो मऊ लगदा आणि त्यावर वाढलेले सूक्ष्म जीव ते ओढून घेते आणि पोटातल्या पेषणीत, वाळूच्या कणांच्या मदतीने, दळते. म्हणून अंड्याची टरफले चटणीसारखी कुटून अधूनमधून भुरभुरायची. त्याने दळणही होते आणि आंबटपणाही आवरतो.

काय चालत नाही, ती यादी मोठी आहे. मीठ, तेल, तिखट, लोणच्याचा खार, दही-ताक, मासळीचे काटे, मटणाची हाडे, आणि लिंबू-मोसंब्याच्या साली तर ढिगाने मुळीच नाहीत. थोडक्यात, शिजवलेला मराठी स्वयंपाक त्यांना जवळजवळ सगळाच वर्ज्य आहे. म्हणून उरलेली आमटी त्यांना घालता येत नाही, ती उरूच द्यायची नसते. गांडुळे आल्यापासून आमच्याकडे भात मोजून लागतो. सौ.ने पंचवीस वर्षे सांगून जे झाले नाही, ते या बिनतोंड्या प्राण्यांनी तीन आठवड्यांत केले.

आता आक्षेप. पहिला आक्षेप वासाचा. पावसाच्या पहिल्या सरीला मातीचा जो वास येतो त्यावर आपण कविता करतो, लेख लिहितो, अत्तरवाल्यांनी तर तो बाटलीत भरला. चांगल्या चाललेल्या क्रेटमधून हाच वास बारा महिने येतो, त्याला मात्र 'दुर्गंधीबाबत तक्रार' म्हणतात. क्रेट खरोखर नासतो तो दोनच कारणांनी, अन्न फार झाले किंवा पाणी फार झाले. आमच्या मेहुण्यांनी होळीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या क्रेटमध्ये पातेलेभर कटाची आमटी ओतली. "त्यांनाही सण" म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांची झाडून सगळी गांडुळे भिंती चढून झाकणाशी जमली होती. अन्याय झाला की उठून बाहेर पडावे, इतका कणा त्यांच्यात आहे. मेहुण्यांनी आमटीचा गाळा काढला, आठवडाभर काही घातले नाही, कोरडा पाला भरपूर मिसळून हवा खेळू दिली, आणि मंडळी पुन्हा खाली जाऊन कामाला लागली.

दुसरा आक्षेप तिसऱ्या मजल्यावरून आला. गांडुळे सरपटत येतील. मला त्यांना दुखवायचे नाही, पण गांडूळ ओलसर कातडीने श्वास घेते. अंधार, ओल आणि जेवण सोडून उजेडातली कोरडी फरशी, जिन्याच्या छत्तीस पायऱ्या आणि पायपुसणे ओलांडून त्याने यांच्याकडे जावे, असे यांच्याकडे आहे तरी काय? आम्ही शेजारी असून दिवाळीखेरीज जात नाही. तिसरा आक्षेप सापांचा होता. गांडुळे आली की त्यांना खायला साप येतात म्हणे. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, लिफ्ट बंद असताना! चौथा आक्षेप होता फ्लॅटच्या किमती उतरण्याचा, आणि तो मांडणाऱ्यांच्या स्वतःच्या गॅलरीत गेली सहा वर्षे एक मोडका कमोड उभा आहे.

आमच्या आत्याचा आक्षेप वेगळ्या पातळीवरचा होता. "यातले नर कोणते आणि माद्या कोणत्या?" असे तिने विचारले. मी सांगितले की प्रत्येक गांडूळ दोन्हीही असते. जोडी जमते तेव्हा दोघेही देतात, दोघेही घेतात आणि पुढे दोघेही अंडकोश घालतात. मोहरीपेक्षा थोडा मोठा, लिंबाच्या आकाराचा एक कोश, आणि एकेकातून दोन-तीन पिल्ले. आत्या बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे बाळंतपण दोघांनाही?" मी हो म्हणालो. तेव्हापासून ती घरी आली की आधी गॅलरीत जाऊन येते. एवढ्याने त्यांची अमर्याद वीण होईल असे मात्र कुणी समजू नये. जागा आणि अन्न अपुरे पडू लागले की गांडुळे वीण आपोआप आवरती घेतात. आमच्या शहरातल्या बांधकामांना हा गुण लागलेला नाही.

एक गैरसमज जाता जाता खोडून काढतो, कारण शेजारचा नातू मोजपट्टी घेऊन आला होता. गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होत नाहीत. डोक्याकडच्या तुकड्याला शेपूट फुटण्याची शक्यता असते, शेपटाकडचा तुकडा बहुधा मरतो. दोन तुकडे होऊन दोन्ही जिवंत राहण्याची विद्या फक्त राजकीय पक्षांना अवगत आहे.

गांडुळाची थट्टा करणाऱ्यांनी चार्ल्स डार्विनकडे पाहावे. या माणसाने गांडुळांवरचा पहिला निबंध १८३७ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळात वाचला आणि त्यांच्यावरचे पुस्तक १८८१ साली काढले. मधल्या काळात त्याने माणसाचे पूर्वज कोण वगैरे किरकोळ कामे उरकली. पुस्तक निघाले आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो वारला. म्हातारपणी त्याने कुंड्यांत गांडुळे ठेवली होती. त्यांना ऐकू येते का हे पाहायला घरातल्या मंडळींनी त्यांच्यापुढे शिट्टी फुंकली, बसून नावाचे भले मोठे सुषिरवाद्य वाजवले, पियानो वाजवला. गांडुळे ढिम्म. कुंडी पियानोवरच ठेवून सूर वाजवला तेव्हा मात्र ती बिळात पळाली, कारण हादरा कळतो, आवाज कळत नाही. आमच्या शेजारी एक काका निवृत्तीनंतर हार्मोनियम शिकत आहेत. निसर्गाने गांडुळांना कान दिले नाहीत यामागे योजना आहे असे मला रोज संध्याकाळी सहा ते सात या वेळेत वाटते. तर या डार्विनने हिशेब मांडला की इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाते. ती माझ्या क्रेटमधली नव्हेत, जमिनीत राहणारी. पण घराणे एकच.

एवढ्या वेळात काही वाचकांच्या मनात आले असेल की चार साली नि दोन देठे, त्यासाठी इतका तंटा कशाला? टाकून द्यावीत घंटागाडीत. इथेच माझे खरे भांडण आहे, आणि ते सचिवांशी नाही, तुमच्याशी आणि माझ्याशी आहे. 'टाकून देणे' या क्रियापदाला आपण कधी 'कुठे?' असे विचारतच नाही. घरातल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा ओल्याचा असतो. एकेकाळी पुण्याचा कचरा डेपो कोथरूडला होता. पुढे कोथरूडला घरे झाली, तुमच्या-आमच्यासारखी नाकाची माणसे राहायला आली आणि डेपो हलला. त्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. कचरा कमी झाला नव्हता, फक्त ज्यांच्या नाकाला मत आहे त्यांच्यापासून ज्यांच्या नाकाला मत नाही अशांकडे गेला. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत त्याचे डोंगर झाले. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले. या गावात मुलगी द्यायला लोक कचरतात, अशी तक्रार त्या गावांतून ऐकू येई. 'कचरतात' या शब्दावर मला कोटी करायची नाही, तो शब्दच तसा आहे.

२०१७ च्या एप्रिलमध्ये त्या डेपोला आग लागली. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तीन आठवडे आमच्या शहराच्या रस्त्यांवर कचरा तुंबला. तेव्हा आमच्या सोसायटीत केवढा संताप! "यांना काही नागरिकशास्त्र?" असे ज्यांनी विचारले ते 'यांना' म्हणजे गावकऱ्यांना विचारत होते. तीन आठवड्यांचा जो वास आपल्याला असह्य झाला तो ती माणसे किती वर्षे घेत होती, हा हिशेब कुणी केला नाही. मुंबईकरांनी हसू नये. तुमचे देवनार १९२७ पासून भरते आहे, आणि २०१६ च्या जानेवारीत ते पेटले तेव्हाचा धूर अवकाशातल्या उपग्रहाने टिपला. ही आग कुणी काडी लावल्यानेच लागते असे नाही. ओला कचरा हवेवाचून ढिगाखाली दबला की त्यातून मिथेन वायू निघतो, आणि तो पेटतो. म्हणजे त्या धुरात आपल्याही दुधीची साल असते. तीच साल क्रेटमध्ये, हवेत, गांडुळाच्या सोबतीने कुजली तर अडीच-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे काळे, दाणेदार खत होते.

आणि दारातून डेपोपर्यंतच्या वाटेवर माणसे आहेत. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. आमच्या इमारतीत येणाऱ्या मावशी कालवणात भिजलेला कागद, केसांचे पुंजके, फुटकी काच आणि कागदात गुंडाळून न दिलेले बरेच काही रोज हाताने वेगळे करतात. ओला-सुका वेगळा ठेवा असे २०१६ च्या नियमांनी सांगितले, त्याआधी २००० च्या नियमांनीही सांगितले होते. आमच्याकडे दोन रंगांच्या दोन बादल्या आहेत. दोन्हींत सारखाच कचरा असतो, फक्त रंग वेगळे. मावशी एकदा मला म्हणाल्या, "दादा, तुमच्या बादलीला वजन नसतं. आधी वाटायचं तुम्ही घरात जेवतच नाही." त्यांना गांडुळे दाखवली. त्यांनी किळस केली नाही, नाक मुरडले नाही, की फोटो काढला नाही. "आमच्याकडं शेतात लई होती," म्हणाल्या आणि पुढच्या दाराची घंटा वाजवली.

एका बाजूला ही समिती, तर दुसऱ्या बाजूला आमच्याच पक्षातली काही मंडळी, आणि त्यांच्याविषयीही मला दोन शब्द बोलायचे आहेत. गांडूळ पाळण्याचा त्यांनी पंथ केला आहे. तीन मजली, इटालियन दिसणारी पेटी, वर नळ. ओलावा मोजायला काटा. पेटीपुढे ध्यान. गॅलरीत एक तुळस आणि एक मरतुकडा पुदिना एवढीच शेती, आणि त्यासाठी वर्मीवॉशच्या सतरा बाटल्या. हे लोक गांडुळाच्या खताने सांधेदुखी कशी गेली तेही सांगू लागले आहेत. कृपा करा. श्रीपाद अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून साध्या शेतकऱ्यांना आणि गच्चीवर भाजी लावणाऱ्यांना पालापाचोळ्याचे मोल शिकवले ते तीन मजली पेटी विकून नव्हे. पुण्यातच उदय भवाळकरांनी गांडुळांवर आयुष्य घालवले. ही गोष्ट साधी आहे म्हणूनच थोर आहे. तिला गंडा बांधू नका, नाहीतर मध्यमवर्गातला साधा माणूस हेही श्रीमंतांचे खूळ समजून दार लावून घेईल. गांडुळे जादू करत नाहीत. पस्तीस अंशांच्या वर ती हैराण होतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये क्रेट सावलीत न्यावा लागतो, गोणपाट दिवसातून दोनदा भिजवावे लागते. हाडे, शिळी बिर्याणी नि पाहुण्यांनी टाकलेला रस्सा यांची वेगळी सोय करावीच लागते. काम करावे लागते, रोज पाच मिनिटांचे. आपल्या लोकांना अडचण गांडुळांची नाही, त्या पाच मिनिटांची आहे.

आता सभेचे सांगतो. माझ्या पोटभाडेकरूंच्या हकालपट्टीचा ठराव चर्चेला आला तेव्हा मी एकच प्रश्न विचारला. आपल्या इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी, विटांचा एक चौकोनी खड्डा आहे. त्यावर पत्र्याचे झाकण आहे, झाकणाला कुलूप आहे, आणि भिंतीवर हिरव्या रंगात पाटी आहे : 'गांडूळखत प्रकल्प'. तो काय आहे?

सभेत इतकी शांतता मी श्रद्धांजलीच्या वेळीही पाहिलेली नाही. खड्डा बिल्डरने बांधला, कारण नकाशात दाखवावा लागतो. गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचे पाणी जिरवणे यांसाठी पुण्यात मालमत्ता करात सवलत मिळते, आणि आम्ही सगळे ती वर्षानुवर्षे घेत आलो आहोत. म्हणजे सोसायटीच्या दप्तरात गांडुळे आहेत. अधिकृत आहेत, करसवलतीला पात्र आहेत, फक्त अस्तित्वात नाहीत. आणि ज्याच्याकडे खरी आहेत त्याला नोटीस! मी विचारले, झाकणाखाली शेवटचे कुणी कधी पाहिले? खजिनदार म्हणाले, गणपतीच्या मखराचे थर्मोकोल तिथे ठेवले होते. एक वहिनी म्हणाल्या, आमचा जुना पाळणाही तिथेच आहे. सचिव म्हणाले, "हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही." पण मागच्या रांगेतून, मी मघाशी ज्यांच्या कमोडचा उल्लेख केला त्या गृहस्थांनी, तोंडातल्या तोंडात का होईना, "उघडून बघायला काय हरकत आहे?" असे म्हटले. एक कणा ताठ झालेला मी स्वतः पाहिला.

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला आहे. मी लेखी मागणी केली आहे : आधी खड्डा उघडावा, पाळणा ज्याचा त्याने न्यावा, थर्मोकोलची वासलात लावावी, तळाला शेंड्या आणि पाला घालावा. पहिले विरजण माझ्याकडून, फुकट. चोवीस घरांच्या साली तिथे सहज जिरतील. नाहीतर पाटी पुसावी आणि घेतलेली सवलत महापालिकेला परत करावी. ही दुसरी सूचना वाचल्यापासून समितीत माझ्याविषयी आदर वाढला आहे. सध्या अडचण एवढीच आहे की कुलपाची किल्ली सापडत नाही. मागच्या सचिवांकडे होती म्हणतात, आणि ते मुलाकडे न्यू जर्सीला असतात. कुलूप तोडायचे तर ठराव हवा, ठरावाला गणसंख्या हवी, आणि गणसंख्या फक्त कोजागिरीला, मसाला दुधाच्या वेळी पुरी होते. तोवर मंडळी आमच्याच गॅलरीत आहेत. परवा एक बाजू रिकामी करून त्यांना दुसऱ्या बाजूला नवे जेवण घातले आहे, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत ती आपणहून तिकडे सरकतील आणि इकडचे खत काढता येईल. ज्यांना हवे असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर, हार्मोनियम थांबल्यावर, वाटी घेऊन यावे. वाटी घरूनच आणावी. आमच्या वाट्या देण्याला घरातून विरोध आहे, आणि तो एकमताने मंजूर झालेला आहे.